फायनान्स कंपनीच्या मुलाखतीत नापास झालो, नेमकं कुठं चुकलं ते समजावून सांगा

घाटंजी_बीकॉम:
नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा अन् खरं खरं सांगा. मी घाटंजी तालुक्यातला, अमरावती विद्यापीठातून बी.कॉम. झालो, ६१ टक्के. घरी पाच एकर कोरडवाहू आहे, वर्षभरापासून शेती पाहून रायलो अन् सोबत फॉर्म भरून रायलो. मागच्या महिन्यात नागपूरले एका फायनान्स कंपनीत रिलेशनशिप ऑफिसरची मुलाखत होती, कंपनीचं नाव नाही लिहित. पहाटेच्या एसटीनं यवतमाळ, तिथून नागपूर, साडेदहाले पोचलो अन् नंबर आला दीड वाजता. वीस मिनिटं पण नाही झाली, बाहेर. नऊ दिवसांनी मेल आला की तुमची निवड झाली नाही, कारण काहीच लिहिलं नाही.

जसं झालं तसं सांगतो. आधी म्हणाले स्वतःबद्दल सांगा. मी व्हिडिओ पाहून इंग्रजीत पाठ केलं होतं, तीन वाक्यं झाली अन् चौथं आठवलंच नाही, मंग हिंदी, मंग मराठी, सगळी खिचडी झाली. मंग विचारलं बँक अन् एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) यात फरक काय. मी म्हटलं एनबीएफसीचं व्याज जास्त असते. ते म्हणाले अजून? मी गप. मंग ८०,००० चं बाईक लोन, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट अन् १२ टक्के रिड्यूसिंग, गिऱ्हाइकाले कोणतं परवडते? मी म्हटलं सर दोन्हीकडं १२ च आहे त सारखंच. मंग ३५ दिवस हप्ता थकला त खातं कोणत्या बकेटमध्ये, म्हणजे थकबाकीच्या कोणत्या गटात? हे त मी ऐकलंच नव्हतं.

पुढचा प्रश्न असा, पाच एकर कोरडवाहूवाला शेतकरी आहे, त्याले हेच ८०,००० चं बाईक लोन पाहिजे, देणार का? मी लगेच म्हटलं हो सर, शेतकरी इमानदार असते, पैसा बुडवत नाही. ते म्हणाले हप्ता दर महिन्याले आहे, पैसा कुठून आणेल? मी नुसता पाहतच रायलो. आता घरी बसून विचार करतो त हे मले माहीत होतं ना, माझंच घर आहे ते.

शेवटचा प्रश्न, वसुलीले गेला अन् घरची बाई रडायले लागली त काय करणार? आमच्या गावात दोन घरं अशी आहेत जिथला कर्ता माणूस कर्जापायी गेला. ते दोन्ही घरं डोळ्यासमोर आले अन् माझा आवाजच निघाला नाही. साहेब म्हणाले ठीक आहे, कळवू.

आई म्हणते नशिबात नव्हतं. मले ते पटत नाही, मले कुठं चुकलं ते पाहिजे. इंग्रजी नाही म्हणून झालं का, का खेड्यातला म्हणून, का हे कामच माझ्यासारख्याचं नाही?

ग्रामीणबँक_तयारी:
भाऊ एवढं मनाला लावू नको, आयबीपीएस (बँक भरतीची परीक्षा) कर सरळ. ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंटला मुलाखतच नाही, प्रिलिम अन् मेन्स दोनच परीक्षा. १ मे २०२५ पासून आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, आता पूर्ण राज्याची एकच ग्रामीण बँक आहे. ऑफिसर स्केल वनला मात्र मुलाखत आहे बरं. मी दोन वर्षापासून दारव्ह्याला रूम करून तयारी करतोय.

वर्धा_ब्रँच:
वरच्या भावाचा सल्ला वाईट नाही पण त्याने विचारलं ते वेगळं आहे. मी वर्धा जिल्ह्यात एका एनबीएफसीत ब्रँच मॅनेजर आहे (तुझ्या कंपनीचा नाही), टेबलाच्या त्या बाजूला बसतो म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे इंग्रजीमुळे गेला नाहीस. फील्डच्या पोस्टला मला इंग्रजी कशाला पाहिजे, तुला बोलायचं हिंगणघाटच्या दुकानदाराशी आणि आर्वीच्या शेतकऱ्याशी. पाठ केलेलं इंग्रजी अडकलं तिथे तू घाबरला आणि ती घाबरगुंडी पुढच्या सगळ्या प्रश्नांत राहिली, नुकसान तिथे झालं. सुरुवातीलाच "सर मराठीत सांगू का" विचारायचं, आजपर्यंत मी कोणालाच नाही म्हटलेलं नाही. आणि खेड्यातला असणं ही तर या कामात जमेची बाजू आहे, शहरातला पोरगा चार महिन्यांत उन्हाला कंटाळून सोडून जातो आणि मला पुन्हा जाहिरात द्यावी लागते.

तू गेलास तो फ्लॅट आणि रिड्यूसिंगवर, कडू वाटेल पण खरं आहे. गणित करून दाखवतो, वही घे. ८०,००० ला १२ टक्के फ्लॅट म्हणजे दोन वर्षांचं व्याज १९,२००, एकूण ९९,२०० भागिले २४, हप्ता ४,१३३. यात काय होतं की तू दर महिन्याला मुद्दल फेडत चाललास तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर लागत राहतं. रिड्यूसिंगमध्ये जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज, म्हणून हप्ता बसतो साधारण ३,७६६ आणि दोन वर्षांचं व्याज १०,३८० च्या आसपास. म्हणजे गिऱ्हाइकाला जवळपास ८,८०० रुपयांचा फरक, आणि १२ फ्लॅट म्हणजे रिड्यूसिंगच्या हिशोबाने साडेएकवीस टक्के. ज्याला हे कळत नाही तो गिऱ्हाइकाला चुकीचं सांगणार, मग गिऱ्हाईक तीन महिन्यांनी ब्रँचमध्ये येऊन भांडणार, आणि त्याचं भांडण बरोबर असणार. म्हणून मी स्वतः हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो.

बकेटचं सोपं आहे. थकायला लागलेल्या, लक्ष ठेवायच्या खात्याला एसएमए म्हणतात. हप्ता थकल्यावर ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, ९० च्या वर गेलं की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. तुझं ३५ दिवसांचं खातं एसएमए-१. पीक कर्जाला मात्र दिवस नाही, हंगाम मोजतात, कपाशी-सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर एनपीए. हे दुसरं वाक्य तू बोलला असतास तर साहेबाने मान वर करून पाहिलं असतं, कारण शहरातल्या पोरांना ते माहीत नसतं.

एनबीएफसीचं उत्तर: बचत खातंही नाही, चालू खातंही नाही, स्वतःचे चेक नाही, आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो तो इथे नाही. बस एवढं.

राहिलं शेतकऱ्याच्या कर्जाचं. "इमानदार असतो" हे उत्तर मी नेहमी ऐकतो आणि मला ते खोटंही वाटत नाही, माझे वडील पण शेतकरीच. पण इमानदार माणसाकडे सुद्धा पाच तारखेला पैसे नसले तर हप्ता बाउन्स होतो, त्यावर चार्ज बसतो, सिबिल खराब होतं, म्हणजे न विचारता कर्ज देऊन तूच त्याचं वाटोळं केलं. मला उत्तरात एवढंच ऐकायचं असतं की हा पोरगा कोणते प्रश्न विचारेल. सातबारावर बोजा आहे का, सोसायटीचं किती, बचत गटाचं किती, कपाशी कधी विकते, दूध आहे का, घरात कोणी रोजमजुरीला किंवा नोकरीला आहे का.

सेंटर_मीटिंग:
दादा शेवटच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. मी मायक्रोफायनान्समध्ये आहे, चार वर्षं झाली, आर्णी-दिग्रस भागात काम केलं, रोज सकाळी सात वाजता पहिली सेंटर मीटिंग (कर्जदार बायांच्या गटाची ठरलेली बैठक), दिवसाचे साठ-सत्तर किलोमीटर गाडीवर.

तुमचा आवाज निघाला नाही त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. मला उलट ज्याला त्या प्रश्नावर काहीच होत नाही त्या पोराची भीती वाटते. पण साहेबाला तुमचं मन दिसलं नाही ना, त्याला फक्त गप्प बसलेला माणूस दिसला. जे डोळ्यासमोर आलं तेच बोलायचं होतं, की सर आमच्या गावात असं झालेलं आहे, म्हणून मी पहिले बसेन, पाणी मागेन, काय झालं ते ऐकेन.

आणि त्याच्यापुढे नियम माहीत पाहिजे. मायक्रोफायनान्समध्ये सकाळी ९ च्या आधी अन् संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, बाकी कर्जाच्या वसुली एजंटला सकाळी ८ ते संध्याकाळी ७. धमकी नाही, शिवीगाळ नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, नातेवाईकांसमोर पाणउतारा नाही. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ३ लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स, अन् त्या घराचे सगळ्या कर्जाचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. हे शेवटचं मी प्रत्येक नवीन पोरीला पाठच करायला लावते. कारण बाई रडते ती वसुलीच्या दिवशी, पण चूक कर्ज देतानाच झालेली असते, तिच्यावर आधीच तीन गटांचे हप्ते होते अन् आपल्याच माणसाने टार्गेटपायी चौथं दिलं.

माझ्या पहिल्या वर्षी एका ताईचा नवरा दवाखान्यात होता. मी माझ्या खिशातून ९४० रुपये हप्ता भरला. मला वाटलं पुण्याचं काम केलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी म्हणाल्या ताई आमचा पण भरा, अन् मॅनेजरला कळलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं की तू तिची अडचण कंपनीपासून लपवली, आता तिचं खातं कागदावर ठणठणीत दिसते त तिला मदत कोण करेल. ते मला आजही लागते. तेव्हापासून कारण लिहून घ्यायचं, त्याच दिवशी ब्रँचला कळवायचं, पैसे घेतले त पावती, नाही घेतले त नाही घेतले. मुलाखतीत हे असं बोललात त पुरे आहे.

अन् हे काम तुमचं आहे का ते फक्त तुम्हीच ठरवा. दुपारचं ऊन, रात्री आठला कलेक्शनचा हिशोब, अन् महिन्याच्या शेवटी टार्गेट, हे सगळं आहे. मला आवडते कारण मी माझ्या गावात ज्या बायांना सावकाराकडे जाताना पाहिलं त्यांना दुसरा रस्ता दाखवता येते. रोज आवडत नाही, पण आवडते.

मोर्शीकर:
एचआरला फोन केला का? मी केला होता मागच्या वर्षी, दोनदा नाही उचलला, तिसऱ्यांदा एक मॅडम बोलल्या अन् सरळ सांगितलं की तुमच्याकडं टू व्हीलर लायसन्स नव्हतं म्हणून राहिलं. मी दोन महिने समजत होतो की मी नालायक आहे अन् कारण निघालं लायसन्स. आता काढलं, सहा महिन्यांपासून अमरावतीला कामाला आहे. कारण विचारायला लाजायचं नाही, फार फार तर सांगणार नाहीत.

अजून एक, आता तुझा बायोडाटा दहा ठिकाणी फिरेल त फोन येतील की सिलेक्शन झालं, लॅपटॉपचे नाहीतर ट्रेनिंगचे ३,५०० भरा, नंतर परत भेटतील. एक रुपया भरू नको. आमच्या गावच्या दोन पोट्ट्यांचे गेले असे.

गटसचिव_निवृत्त:
बापू, मी ३१ वर्ष सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो, आता शेती पाहतो. नातवानं तुह्यं वाचून दाखवलं, लिहूनही तोच देऊन रायला.

तुले त्याईनं विचारलं हप्ता कुठून आणेल. अरे हे त आमच्या सोसायटीच्या ओट्यावर बसणारा कोनताही मानूस सांगते. आपल्याकडं पैसा वर्षातून एकदा येते. दसरा-दिवाळीले सोयाबीन, मंग कपाशीचे वेचे संक्रांतीपर्यंत, फेब्रुवारीले तूर, थोडा चना. होळीनंतर हात खाली. अन् जून लागला का बियाणं, खत, डवरणी, निंदन, सारा पैसा मातीत. पोया ते दसरा हा काळ सगळ्यात कठीन, या दिवसात गळ्यातली पोत बी गहाण पडते. म्हनून त पीक कर्ज ३१ मार्चपर्यंत भरा म्हनतात, माल विकल्यावर, अन् वेळेत भरलं त ३ लाखापर्यंत पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत व्याज शून्यावर येते. थे कर्ज पिकाच्या चालीनं चालते. बाईकचा हप्ता घड्याळाच्या चालीनं चालते. या दोन चाली जुळत नाईत, अन् मधला खड्डा मानूस कायनं भरते? दुधानं, बकरीनं, मजुरीनं, नाईतर दुसरं कर्ज काढून. हे दुसरं कर्ज जो वयखते तोच खरा कर्ज देनारा.

मी सभासदाले कधी हो म्हनन्याच्या आधी त्याचा गोठा पाहो. गोठ्यात दुभतं जनावर असलं त मले चिंता कमी. अन् नापिकी झाली, पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) ५० च्या आत आली, त पीक कर्जाचं पुनर्गठन होये, मुदत वाढे. घाबरून पयालेला मानूस थकबाकीत जाये अन् येऊन बसलेला मानूस सुटे, हे मी ३१ वर्ष पाह्यलं. तुह्या गावच्या त्या दोन घरचं आयकून वाईट वाटलं. तशी दोन-तीन घरं माह्याही यादीत होती, त्याईचे खाते क्रमांक मले अजून पाठ हायेत.

तुह्या घरी बापाची सोसायटीची पासबुक असन, थे काढ अन् बापासंग बस. पुस्तकात नाई भेटत हे.

ग्रामीणबँक_तयारी:
काका हे वाचून मलाच वाटतंय की माझ्या स्केल वनच्या मुलाखतीला हेच कामी येईल. पीक कर्ज अन् केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) मी नुसतं पाठ केलं होतं, विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १.६ लाखाची २ लाख झाली वगैरे, पण पोळा ते दसरा हे कोणत्याच नोट्समध्ये नाही.

घाटंजी_बीकॉम:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर देता आलं नाही कारण काकांनी सांगितलं तेच करत होतो. परवा रात्री जेवणं झाल्यावर बाबाची पासबुक, सातबारा अन् आईची बचत गटाची वही घेऊन बसलो. बाबा आधी म्हणाले आता कायले हिशोब, पण मंग तेच दोन तास बोलत होते, मले माझ्याच घरचे आकडे माहीत नव्हते.

२०२५-२६ च्या हंगामाचं लिहितो, चुकलं त सांगा. तीन एकर कपाशी, १७ क्विंटल झाली. हमीभाव लांब धाग्याचा ८,११० होता पण ओलावा अन् नंबरच्या भानगडीत बाबांनी खेडा खरेदीवाल्याले ७,१०० नं दिली, झाले १,२०,७००. खर्च ६२,००० च्या जवळ, त्यात बियाण्याची सहा पाकिटं ९०१ च्या भावानं अन् वेचाईच १७,००० ची. उरले ५८,७००. दोन एकर सोयाबीन, ९ क्विंटल, ४,१०० नं ३६,९००, खर्च २७,०००, उरले ९,९००. तूर तीन क्विंटल, २०,४००, तिचा खर्च कपाशीतच धरला. एकूण ८९,०००. बारा महिन्यात वाटले त महिन्याले ७,४१६. चार माणसाचं घर.

आता याच्यावर ३,७६६ चा हप्ता. ताईंचा ५० टक्क्यांचा नियम बाईक लोनले लागत नाही हे माहीत आहे पण अंदाज म्हणून धरला, त निम्मे होतात ३,७०८. म्हणजे हप्ताच त्याच्यावर जाते, अन् आईच्या गटाचे ६५० महिन्याले वेगळे. फ्लॅटनं ४,१३३ धरला त बोलायचंच काम नाही. मी ज्या घराले "हो सर" म्हटलं होतं ते माझंच घर होतं अन् त्याले ते कर्ज झेपत नव्हतं. बाबाले हे सांगितलं त ते म्हणाले मले कोणी विचारलं असतं त मीच नाही म्हटलं असतं.

त माझं उत्तर आता असं आहे, पहा बरोबर वाटते का. ८०,००० नाही. कपाशी विकल्यावर डिसेंबर-जानेवारीत यायले सांगीन, तेव्हा ३०,००० त्यानं स्वतः भरले त ५०,००० चं कर्ज, अन् तेही घरी दूध चालू असलं त, कारण डेअरीचा पैसा दर दहा दिवसाले येते अन् हप्ता त्याच्यातून निघते. दूध नसलं, मजुरी नसली, त हप्ता सहामाही करता येते का ते ब्रँचले विचारीन, नाहीच जमलं त त्याले समजावून नाही म्हणीन. आमच्याकडं एक गाय आहे पण ती सध्या आटली आहे.

मोर्शीकर भाऊ, एचआरले फोन केला. त्यांनी एवढंच सांगितलं की प्रॉडक्टची माहिती कमी होती. म्हणजे वर्धा सरांचं बरोबर निघालं.

पुढच्या बुधवारी यवतमाळले दुसऱ्या कंपनीत मुलाखत आहे, क्रेडिट ऑफिसर. वसुलीच्या प्रश्नावर अजून बोलताना गळा भरून येते, आरशासमोर तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा तिथंच थांबलो.

वर्धा_ब्रँच:
हिशोब बरोबर आहे. तुझा माल ७,१०० ला का गेला आणि हमीभाव का नाही मिळाला हे त्यांनी विचारलं तर तयार रहा, विचारतील. आणि हा कागद सोबत ने, लपवायचं काही नाही, सर मी माझ्या घराचंच अप्रेझल (कर्ज झेपेल का याची तपासणी) करून पाहिलं म्हणून सांग. फक्त वडिलांना विचारून ने, त्यांचे आकडे आहेत.

घाटंजी_बीकॉम:
विचारलं सर, हो म्हणाले. स्वच्छ अक्षरात पुन्हा लिही म्हणाले.

सेंटर_मीटिंग:
गळा भरला त भरू द्या दादा, दोन सेकंद थांबा, पाणी प्या अन् पुढचं वाक्य बोला, वाक्य मात्र पूर्ण करा. आरशासमोर नका करू, माणसासमोर करा. रविवारी मला मीटिंग नसते, साडेदहानंतर मेसेज टाका, मी गिऱ्हाईक होते अन् तुम्ही वसुलीला या.

घाटंजी_बीकॉम:
हो ताई, साडेदहाले टाकतो. आईले पण सोबत बसवतो, तिले गटातल्या सगळ्या अडचणी माहीत आहेत.